मांडीवरची मुलाखत

मृणालीची मुलाखत उद्या होती. पण सकाळी फोन आला, "मॅडम उद्या नाहीत, आज अकरालाच घेतो." आता अकराला ती असणार जळगाव-धुळे एस.टी.त! चुलतबहिणीच्या साखरपुड्याला निघालेली, अंगावर जरीची साडी, केसांत गजरा. नाही म्हणावं तर नोकरी हातची जाणार, आणि वर्षभर अर्ज करकरून थकलेल्या मृणालीला ही नोकरी जिवापाड हवी होती. शेतातली मोटर घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करायचं अ‍ॅप बनवणारी कंपनी, नाशिकची. शेतकऱ्यांना ते समजावून सांगायचं, एवढंच काम.

मुलाखतीत टाइप करून दाखवायचं, पडद्यावर अ‍ॅप चालवायचं, म्हणजे नुसत्या मोबाइलवर भागणार नव्हतं. पण तिचा तो चिमुकला लॅपटॉप होता ना! दोन तळहातांत मावणारा, जुना घेतलेला. भाऊ त्याला खेळणं म्हणायचा. म्हणू दे मेल्याला! एरंडोल मागे पडताच तिनं खेळणं मांडीवर मांडलं आणि मोबाइलचं नेट जोडलं. इअरफोन मात्र घाईत घरीच राहिले होते.

पडद्यावर दिपमाला मॅडम आल्या. पन्नाशीच्या, चष्मा लावलेल्या, डोक्यावर पदर.

"नाव सांगा. शिक्षण?"

मृणालीनं सांगितलं. बस खड्ड्यात आदळली, तिनं खेळणं छातीशी धरलं.

"नाशिकला राहायची तयारी आहे? घरचे पाठवतील? राग लवकर येतो का हो तुम्हाला?"

शेजारी भिकुबाई बसल्या होत्या. एरंडोलला चढलेल्या, लेकीकडे धुळ्याला निघालेल्या. मघापासून त्यांचे कान टवकारलेले होते. नटलेली पोरगी, समोर पोक्त बाई, आणि हे असले प्रश्न! भिकुबाईंनी आयुष्यात पाच पोरी दाखवल्या होत्या, त्यांना कोण शिकवणार? त्यांनी मान पुढे घातली ती थेट पडद्यात.

"अक्का, पोर चांगली शे. पन पोऱ्या कोठे शे? तो काबर समोर येत नही? आनि जमीन कितली शे तुमनी?"

मृणालीच्या पायाखालची बसच सरकली. झाकण मिटून टाकावं, असं तिला वाटलं. मेली नोकरी, संपलं सगळं! पण म्हातारीच्या डोळ्यांत इतकी खरी काळजी होती, की तिला रागावताही येईना. आजोळच्या बोलीतच ती म्हणाली,

"आजी, हाई लगीननं नही, नोकरीनं शे. मॅडम माले कामवर ठेवाले देखी ऱ्हायन्यात."

"नोकरीले इतली सजीसन?"

मागचे प्रवासी फिदीफिदी हसले. मृणालीही हसली, आणि मग नाइलाजानं का होईना, काम काय ते सांगू लागली. भिकुबाईंना पटेना. घर बसी मोटर कशी चालू व्हई? मृणालीनं पडद्यावर नमुन्याचं शेत काढलं, म्हातारीचं बोट धरून बटणावर ठेवलं. बस हिंदकळली, बोट भलतीकडेच पडलं. परत धरलं. तिसऱ्या खेपेला चित्रातल्या पाइपातून पाणी पडलं.

"माय वं! आनि बंद कशी करानी?"

तेही दाखवलं. मग भिकुबाईंनी स्वतःच्या हातानं चालू केली, बंद केली, परत चालू केली. पुढच्या सीटवरच्या बाईला बोलावून तिलाही शिकवलं. मृणालीला अचानक आठवलं, की पडद्याच्या कोपऱ्यात मॅडम अजून आहेत.

"सॉरी मॅडम, मी..."

"पुढचा प्रश्न होता, वयस्क माणसाला अ‍ॅप कसं समजवाल," मॅडम म्हणाल्या. "तो राहू द्या आता." मग त्या भिकुबाईंकडे वळल्या. "अक्का, ठेवू का मग हिला कामावर?"

भिकुबाईंनी पदर सावरला, ताठ बसल्या. "ठेव ना. पोर गुनी शे. पन आतेच सांगी ठेवस, दिवाळीले माहेर धाडनं पडी."

मॅडम हसल्या, आणि नाशिकच्या त्या ऑफिसातून अस्सल खान्देशी उत्तर आलं, "धाडसू, अक्का. आठ दिन धाडसू."