वळलेली रांग

धानोऱ्याच्या शाळेत प्रेमिला मास्तरीण आली आणि घनश्याम मास्तरांचं घरावरचं चित्तच उडालं. ताटातला भात निवून जायचा, अन् हे नागपूरच्या मासिकातलं आकाशगंगेचं चित्र घेऊन शाळेत! विहिरीवर बाया कुजबुजत. ऐकून मास्तरांच्या बायकोचा, गिरजाचा, नुसता तिळपापड होई.

एका संध्याकाळी ती तडक शाळेवर गेली. बघते तर काय, मैदानातल्या खांबाशी मास्तर, अन् त्यांच्या हातात त्या बाईचा हात! पुढं पोरापोरींची लांब रांग, सगळे हात धरून खांबाभोवती फिरत होते.

"लाज नाई वाटत?" गिरजा कडाडली.

"अवं, आकाशगंगेच्या फांद्या कशा वळतात थे दाखवून राह्यलो," मास्तर घाम पुसत म्हणाले. "पन ह्या पोरायले रेला नाचात हात धरून फिराची सवय. हात सोडतच नाई! बाहेरचे धावतात, आतले थांबतात, रांग सरळच राह्यते. सोडा रे हात! सगळ्यायनं सारख्याच चालीनं चाला. तू बी ये, शेवटी उभी राय."

"शेवटीच ना! मले ठाऊक हाये माही जागा."

सगळे चालू लागले. खांबाजवळच्या मास्तरांची फेरी झटक्यात पुरी झाली, गिरजा टोकाला रखडत राहिली. रांग आधी विळ्यासारखी वाकली, मग गोगलगाईसारखी वळली. गिरजा डोळ्यांत तेल घालून त्या दोघांवर पहारा देत होती. प्रेमिला मागं पडली तरी मास्तरांनी वळून पाहिलं नाही. गिरजाकडंही नाही. त्यांचे डोळे रांगेच्या वळणावर खिळले होते.

"वळली!" ते ओरडले. "तारेबी अशेच, आतले पुढं, बाहेरचे मागं!"

आणखी काही फेऱ्या झाल्या अन् रांगेचा पार गुंता झाला.

"मंग आभाळातल्या फांद्या काऊन नाई गुंडाळत?" प्रेमिलानं विचारलं.

"थेच तर अजून कोनाले पुरतं समजलं नाई!" मास्तरांचा चेहरा असा फुलला, की गिरजानं तो लग्नातही तसा पाहिला नव्हता.

प्रेमिला दम खात तिच्याजवळ बसली. "बाई, मास्तरायले माहं नावबी आठवत नाई," ती हसत म्हणाली.

मास्तरांचं चित्त हिच्यावर जडलं असतं, तर हिला झिंज्या धरून गावाबाहेर काढलं असतं. आता गिरजानं भांडायचं कोणाशी?

"अजी, घरी चाला ना," ती रडवेली होऊन म्हणाली.

"हो हो, तू हो पुढं," म्हणत मास्तर पोरांना पुन्हा रांगेत लावू लागले.

गिरजा एकटीच निघाली. वर चांदण्या उगवू लागल्या तसा तिनं पदर कपाळाखाली ओढला. सवतीचं तोंड कोण पाहील!