ईथरचा तांदूळ

पुष्पाबाई सिस्टरांचा जीव आज नुसता उड्या मारत होता. वर्षभर डोकं खाल्लं, तेव्हा कुठे तुमसरच्या डॉक्टर आनंदरावांनी भूल द्यायला हॅलोथेनची एक बाटली नागपूरहून आणली. तीही अटीवर!

"ईथरच्या चौपट भाव आहे, सिस्टर. आजचा पेशंट चारच्या एसटीनं घरी गेला, तरच पुढच्या बाटल्या. नाही तर भुलीला आपलं जुनं ईथरच बरं."

पेशंट होती बपेऱ्याची धुरपता. काखेत लिंबाएवढं गळू. बाराला हॅलोथेन देऊन डॉक्टरांनी चीर मारली, पू काढला, पट्टी बांधली. आणि काय सांगावं! ईथर घेतलेला माणूस दिवसभर ओकतो, दोन दिवस खाट सोडत नाही. ही बाई दोनला उठून चहा मागत होती. साडेतीनला अंगणात चालून आली. पुष्पाबाईंना नाचावंसं वाटलं.

पण घोडं अडलं दवाखान्याच्या वऱ्हांड्यात. दोन दिवसांच्या मुक्कामाला सगळं घर आलं होतं, सरपणासकट. सासू सत्यभामाबाई तांदळाच्या गाठोड्याशी ठिय्या देऊन बसली.

"आमी नाही जात! ऑपरेशन झालंच नाही. माह्या वेळी मी दोन दिवस ओकत होती. हिले ना ओकारी, ना तो वास. फसवून राहिले आमाले!"

समोर एसटीचा हॉर्न वाजला. डॉक्टर दारात उभे राहून गालात हसत होते. पुष्पाबाईंच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. ओकारी आली नाही म्हणून कुणी भांडतं का हो?

तेवढ्यात धुरपतानं पदर सारून पट्टी सासूला दाखवली. "मंग हे रगत कायचं हाय, आत्याबाई? घरी धानाचे परे उपटून ठेवले, वाळून जातीन. उद्या रोवणा कोन करन? उठा!"

लावणीची रोपं वाळणार म्हणताच म्हातारी ताडकन उठली. "अरे, थांबवा गाडी!" सगळं घर पळत सुटलं. पुष्पाबाईंनी एसटीपुढे हात आडवे केले आणि धुरपताला सांभाळून वर चढवलं. गाडी गेली!

धापा टाकत त्या परतल्या, तर गाठोडं वऱ्हांड्यातच. डॉक्टरांनी ते उचलून पाहिलं. "दीड पायली तरी असेल. विसरले वाटतं."

"हा ईथरचा खर्च, डॉक्टरसाहेब," पुष्पाबाई म्हणाल्या. "घरची कामं टाकून सगळ्यांनी दोन दिवस इथं बसून खायचा. तुम्ही भाव काढला, त्यात हा कधी धरलाच नाही."

डॉक्टरांनी गाठोडं बाकावर ठेवलं. मग त्यांनी खिशातलं पेन काढून सिस्टरांना दिलं.

"हे तांदूळ उद्याच्या एसटीनं बपेऱ्याला पाठवा. आणि नागपूरला लिहा, सहा बाटल्या."