दोन ठसक्यांचं तेल

ऑलिव्ह तेलाच्या त्या गिरणीत म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चांगलं तेल जिभेला कडू लागतं आणि गिळताना घशाला झोंबतं. ज्या अँटिऑक्सिडंटांमुळे ते अंगाला मानवतं आणि लवकर खवट होत नाही, त्यांचीच ही करणी. गुळमट तेलाला नावाजणाऱ्यांना म्हातारा सरळ मूर्ख म्हणायचा. त्याचा हिशेब सोपा होता: एक ठसका लागला तर बरं तेल, दोन लागले तर उत्तम.

लेकीलाही त्यानेच शिकवलं. रंग दिसू नये म्हणून निळा पेला घ्यायचा, तळहातावर उबवायचा, हुंगायचा, मग घोटाबरोबर तोंडाने हवा ओढायची. आता चाखणाऱ्यांची प्रमुख तीच होती. बापाला चाखायच्या टेबलावर ठेवायचं की घरी बसवायचं, हे तिच्यावर येऊन पडलं होतं. बाकीचे दोघे चाखणारे महिनाभर कुजबुजत होते. शेवटी त्यांनी तोंडावर सांगितलं, की म्हाताऱ्याची परीक्षा घे, नाहीतर आम्ही चाललो.

तिने पहिल्या पेल्यात दोन वर्षांचं, पार उतरलेलं तेल ओतलं. त्यात कडूपणा औषधालाही उरला नव्हता. म्हाताऱ्याने घोट घेतला, दोनदा ठसकला आणि म्हणाला, उत्तम. दोघांनी माना खाली घातल्या. म्हाताऱ्याने ते पाहिलं. तो काही दुधखुळा नव्हता. त्याने दुसरा पेला मागितला.

दुसऱ्यात यंदाचं सगळ्यात जहाल तेल होतं. चाखल्यावर तिलाही पाणी प्यावं लागलं होतं. म्हातारा ते पाण्यासारखं प्यायला आणि ठामपणे म्हणाला, हे सपक आहे.

"बाबा, उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली.

त्याने पेला खाली ठेवला. "तुला कधी कळलं?"

"मागच्या हंगामात."

"माझी चव तेव्हाच गेली," तो म्हणाला. "मला वाटत होतं, कुणाला पत्ता नाही. आणि तू वर्षभर समोर बसून मला खोटं खोकू दिलंस?"

बापाचं मन मोडवेना म्हणून ती गप्प राहिली होती. हे आता कुठल्या तोंडाने सांगणार? तिला स्वतःचीच लाज वाटली.

म्हाताऱ्याने कोट चढवला, त्या दोघांचा निरोप घेतला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.