मध्यंतरापर्यंत परतावा

बारा मार्च २०१४, बुधवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटे. दोनच्या खेळाची विकलेली तिकिटे एक हजार त्रेचाळीस. ब्रॉडवेवर नव्याने उभ्या केलेल्या जुन्या संगीत नाटकाची नायिका सेलेस्ट वार्नी हिचा आवाज त्याच सकाळी बसला होता. जाहिरातीत जिचे नाव नाटकाच्या नावाच्याही वर असते, ती नटी आली नाही तर प्रेक्षकांना पैसे परत मागता येतात.

"खेळ रद्द कर, मिरियम," तिकीटविक्रीचा प्रमुख गस म्हणाला. "लोक सेलेस्टला बघायला आलेत. ओडेसाला कोण विचारतंय?"

ओडेसा प्राइन ही बदली नटी. निर्माती मिरियमने तिच्या साऱ्या तालमी पाहिल्या होत्या. आजचा खेळ पडला, तर सेलेस्ट बरी होईपर्यंत नाटक बंद ठेवावे लागणार होते.

"तीस वर्षं खिडकीत बसलायस, गस. कधी आत येऊन गाणं ऐकलंस?" मिरियम हसली. "पाटी लाव. पैसे मध्यंतरापर्यंत परत मिळतील. आधी ऐका, मग मागा."

"म्हणजे अर्धं नाटक फुकट? लुटतील आपल्याला."

"लुटू दे की."

ओडेसाच्या पहिल्या गाण्याच्या टाळ्या खिडकीपर्यंत ऐकू आल्या. मध्यंतरात गस पैसे मोजून तयार बसला.

परत आलेली तिकिटे सदतीस.