न झेललेली गोळी

मी एक चिलखती गाडी बोलतेय. चिलखती म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लगेच रणगाडा उभा राहील, पण मी तशी नाही. रस्त्यात तुमच्या शेजारून गेले असते तर तुम्ही मान वळवूनही पाहिलं नसतं. चार दारांची, उंच, काळी गाडी. बदलापुरात अशा कितीतरी दिसतात. माझ्या पत्र्याच्या आत दुसरा पोलादी पत्रा आहे, काचा दोन बोटं जाड आहेत आणि टायर फुटला तरी मी काही अंतर पळू शकते. बाकी मी तुमच्या ओळखीचीच.

माझा जन्म अंबरनाथला, आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये झाला. सांगाडा आणि इंजिन दुसरीकडून आलं होतं. इथे माझ्या सीटा, अस्तर, दारं सगळं उतरवलं आणि आतून पोलादाची दुसरी कातडी जोडली. शलाका नावाची इंजिनिअर तेव्हा सांध्यासांध्यावर हात फिरवून पाहायची. दोन पत्रे जिथे भेटतात तिथेच गोळीला वाट मिळते, हे तिचं ठरलेलं वाक्य.

शेडमधले जुने कारागीर सांगायचे, पूर्वी ट्रकला जाड लोखंड ठोकलं की झाली चिलखती गाडी. ती चढावर धापा टाकायची आणि वळणावर कलंडायची. मग पोलाद पातळ आणि कडक होत गेलं, काचेचे थर एकमेकांना चिकटवायला लागले, आणि माझ्यासारख्या हलक्या गाड्या जन्माला आल्या. शलाका नव्या पोरांना म्हणायची, "जाड पत्रा कोणीही लावेल. माणूस अर्धा पत्र्याने वाचतो आणि अर्धा तिथून पळता आल्यामुळे."

माझ्या आजूबाजूला उभ्या असलेल्या गाड्या कुठे कुठे जायच्या होत्या. कोणी आखातातल्या तेलविहिरींवर, कोणी एखाद्या दूतावासात, कोणी पोलिसांकडे, कोणी बँकेची रोकड वाहायला. मी आणि माझ्या बहिणी पांढऱ्या रंगाच्या होतो. आम्हाला एक परदेशी मदतसंस्था आफ्रिकेत नेणार होती, डॉक्टर आणि औषधं पोचवायला. माणसाला माणसाची भीती जगात इतक्या ठिकाणी वाटते, हे मला रस्ता बघायच्या आधी त्या शेडमध्येच कळलं.

ऐनवेळी संस्थेने एक गाडी कमी केली. ती मी. बहिणी कंटेनरमध्ये चढून गेल्या आणि मी ताडपत्रीखाली राहिले.

मग हेमचंद्रशेठ आले. बदलापूरजवळच्या एका गावातले. वडील भातशेती करायचे. पुढे जमिनींना भाव आला तसे शेठ जागांच्या धंद्यात शिरले आणि मोठे झाले. चुलतभाऊ अनंता याच्याशी एका सामाईक जागेवरून त्यांचं कोर्टात चाललं होतं. एका सकाळी ते ऑफिसची पायरी उतरत असताना मोटरसायकलवरून कोणीतरी गोळी झाडली. गोळी भिंतीत गेली. झाडणारा सापडला नाही. शेठनी तोंडाने नाव घेतलं नाही, पण मनात अनंताचंच नाव धरलं.

ते शेडमध्ये आले तेव्हा त्यांनी माझ्या काचेवर बोटांनी टकटक केलं. शलाकाने सगळी माहिती दिली. शेवटी त्यांनी एकच विचारलं, आत बसल्यावर बाहेरचं ऐकू येतं का? जवळजवळ नाहीच, ती म्हणाली.

"मग बरंय," शेठ म्हणाले.

मला काळा रंग दिला गेला आणि मी बदलापूरला गेले.

मला चालवायला जनू आला. मुरबाडकडचा, कमी बोलणारा. माझं वजन फार, त्यामुळे ब्रेक आधीपासून दाबावा लागतो. ते तो लवकर शिकला. माझं एकेक दार दोन माणसांच्या वजनाचं आहे. शेठचं दार नेहमी जनूच उघडायचा आणि लावायचा. नियम असा की वाटेत थांबायचं नाही, आणि थांबावं लागलं तर दार उघडायचं नाही. कोणी आडवा आला तर बाजूने काढायची.

शेठची जुनी जीप होती तेव्हा ते नाक्यानाक्यावर थांबायचे म्हणे. कोणाची विचारपूस करायचे, कोणाला शिव्याही घालायचे. आता बाहेर माणसांची तोंडं हलताना दिसायची, आवाज यायचा नाही. मला मात्र दोन्हीकडचं ऐकू येतं. नाक्यावरचा पानवाला एकदा गिऱ्हाइकाला म्हणाला, "हात करायचा तरी कोणाला? आत शेठ आहे का नाय, तेच कळत नाय." आत शेठ मोबाईलमध्ये बघत होते.

एकदा त्यांनी आईला, काशीबायला, नात्यातल्या हळदीला नेलं. गावाच्या तोंडाशी ओळखीच्या बायका उभ्या होत्या. त्या हसल्या, हाका मारू लागल्या. काशीबाय काच खाली करायचं बटण शोधत दारावर हात फिरवू लागली.

"हेमू, या गारीची खिरकी उघरत नाय?"

"नाय आये. गोली लागू नये म्हनून."

"गोली लागल तवा लागल. मना त्या बायांशी बोलू तं दे."

 जनूने गाडी हळू केली होती, ती पुन्हा पुढे काढली. परतताना काशीबाय भाच्याच्या रिक्षात बसली आणि माझ्यात पुन्हा कधी चढली नाही.

सर्व्हिसिंगला मी आनंदनगरला जायचे, तेव्हा बहिणींची खबर मिळायची. शलाकाने एकदा जनूला फोनवर फोटो दाखवला. माझ्या एका बहिणीवर तिकडे गोळीबार झाला होता. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा होत्या, दार खड्ड्याखड्ड्यांचं झालं होतं, आणि तिच्यासमोर तिच्यातून उतरलेली चार माणसं उभी होती. त्यातली परिचारिका गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून होती. मला अभिमान वाटला, थोडा हेवाही. माझ्यावर आजवर आदळला होता तो फक्त गल्लीतल्या पोरांचा क्रिकेटचा चेंडू.

आता त्या संध्याकाळबद्दल सांगते.

शेठचं उल्हासनगरला, कॅम्प एक नावाच्या भागात, एका सिंधी व्यापाऱ्याकडे काम होतं. परतताना मुख्य रस्ता तुंबलेला म्हणून जनूने एमआयडीसीतला रस्ता धरला. पाळी सुटायची वेळ. रिक्षा भरून कामगार रोज दिसतात तसे दिसायला हवे होते. त्याऐवजी लोक धावत होते. काही रिक्षा उलट्या वळत होत्या. पुढे रस्त्यावर धुक्यासारखं काहीतरी खाली बसलेलं होतं. एका रासायनिक कारखान्यातून वायू सुटला होता, पण हे आत कोणाला माहीत असणार? आत एसी चालू होता, हवा आतल्या आत फिरत होती.

एका गेटजवळून एक म्हातारा वॉचमन काठी उगारत समोर आला. तो ओरडत होता, "पुढे जाऊ नका, गाडी फिरवा." मला ऐकू आलं. शेठना फक्त उगारलेली काठी दिसली.

"चल, बाजूने काढ," ते म्हणाले.

जनूने काढली. म्हातारा मागे राहिला.

थोडं पुढे वळणाऱ्या रिक्षांनी रस्ता अडलाच. एक मुलगी धडपडत आली आणि शेठच्या काचेवर मुठी मारू लागली. तिने तोंडाला ओढणी बांधली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "अंकल, दरवाजा खोलो," ती म्हणत होती, "आमचं श्वास नाय होत. पीछे और भी हैं." शेठ सीटवर आत सरकले. त्यांचा हात छातीशी गेला होता.

"जनू, थांबू नको. मागे घे."

जनूने गाडी बंद केली नाही, पण हलवलीही नाही. आरशातून शेठकडे बघत तो म्हणाला, "शेठ, मारायला आलेला मानूस असा रडत येत नाय."

 मुलगी काचेवर हात ठेवून खाली घसरत होती. शेठ तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, काळ्या काचेतून का होईना, इतक्या जवळून बाहेरचा चेहरा त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिला असेल. मग त्यांनी स्वतः कडी ओढली. दार जड, त्यांना सवय नव्हती. पायाने आणि खांद्याने रेटून त्यांनी ते उघडलं आणि त्या मुलीला दंडाला धरून आत घेतलं. तिचं नाव सोनिया, ती औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती, हे नंतर कळलं.

दार उघडलं तसा तो वायूही आत आला. शेठ खोकू लागले. पण मागून आणखी बायका आल्या, दोन पुरुष आले, आणि शेठ एकेकाला आत ओढत राहिले. माझ्यात इतकी माणसं कधीच बसली नव्हती. शेठच्या पांढऱ्या शर्टावर कोणीतरी ओकलं. त्यांनी ते पुसलंही नाही. जनूने गाडी फिरवली आणि मागच्या रस्त्यावरचा पहिला दवाखाना गाठला.

माणसं उतरल्यावर जनू दार लावायला गेला, तर शेठ आतच बसलेले. दवाखान्यातल्या कोणीतरी ओला रुमाल दिला होता, तो नाकावर धरून ते म्हणाले, "परत घे. तो काठीवाला म्हातारा राहिलाय."

आम्ही परत गेलो. वाटेत पुन्हा माणसं भरली गेली, कोणालाच नाही म्हणवेना. म्हातारा गेटच्या खांबाला टेकून बसलेला सापडला. त्याची काठी बाजूला पडली होती आणि श्वास शिटीसारखा वाजत होता. माझ्यात बोट शिरायला जागा नव्हती.

शेठ खाली उतरले. जनूच्या मदतीने त्यांनी म्हाताऱ्याला उचललं आणि आपल्या जागेवर बसवलं.

"तुमी कुठं बसनार?" जनूने विचारलं.

"मी चालतो. तू जा."

"शेठ, इथं उभं राहायचं नाय."

"तू जा म्हनतो ना. वारा तिकडून येतोय, मी इकडून चालत सुटतो."

जनूने दार लावलं. मी निघाले. मागच्या काचेतून तो माणूस लहान होत गेला. त्याच्याचसाठी मला काळा रंग दिला होता, त्याच्याचसाठी जनूने थांबायचं नाही हा नियम पाळला होता, आणि आता तो रुमाल नाकाला लावून उघड्या रस्त्याने चालत होता. इतक्या ओझ्याने खड्ड्यात माझ्या मागच्या चाकावरच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटला. मी फरफटत का होईना, दवाखान्यापर्यंत पोचले.

शेठना एका रिक्षावाल्याने उचललं, ओळखदेख नसताना. ते घरी पोचले ते तिघा कामगारांच्या मांडीला मांडी लावून.

म्हातारा वाचला. पण छातीतली शिटी गेली नाही. नोकरी सोडून तो साताऱ्याकडे मुलीकडे गेला. शेठ दवाखान्यात त्याला भेटायला जायचे. एकदा जनूसमोर ते त्याला म्हणाले, "बाबा, मी पहिल्यांदा गाडी थांबवायला पायजे होती." म्हाताऱ्याने हात हलवून विषय उडवून लावला. शेठचा स्वतःचा आवाज बरेच दिवस बसलेला होता.

भीती त्यांना सोडून गेली असं मी म्हणणार नाही. गोळी कोणी झाडली ते आजही कळलेलं नाही, आणि मोटरसायकल मागून जवळ आली की शेठ अजून खांदे आवळतात. अनंताशी खटला चालूच आहे. फक्त गणपतीत ते आईला घेऊन त्याच्या घरी गेले, चालत. जागेचा विषय कोणी काढला नाही. काशीबायने दोघांच्या पानात मोदक वाढला आणि दोघांनी तो खाल्ला, इतकंच जनूने शेडमध्ये सांगितलं.

मी आता पुन्हा शेडमध्येच आहे. पाटा बदलला, पण माझ्या काचांचे थर कडेने सुटायला लागलेत, दुधाळ दिसतात. उन्हाने आमच्या काचांना असं म्हातारपण येतं. बहिणींनाही तेच झालं आहे, आणि त्या अजून तिकडे माणसं वाहतायत. त्या मदतसंस्थेने शलाकाला विचारलं, या काचा अजून गोळी थांबवतील का? शलाका म्हणाली, अंदाजाने उत्तर देणार नाही. तितक्याच वयाच्या गाडीवर गोळी झाडून बघू. तिने शेठना फोन केला. शेठ म्हणाले, घेऊन जा.

म्हणजे ज्या कामासाठी मला घडवलं ते आता होणार आहे. माझी काच टिकली तर बहिणी आणखी काही काळ धावतील. फुटली तर त्यांना घरी बसवतील, आणि त्यांच्यात बसणारी माणसं वाचतील. दोन्ही उत्तरं मला चालतील.

आज मला गोळीबाराच्या चाचणीच्या मैदानावर न्यायला ट्रेलर आलाय. शेठही आलेत, रिक्षाने. ते माझ्याजवळ फारसे आले नाहीत, शलाकाशी बोलत लांबच उभे राहिले. जायच्या आधी मला एवढंच सांगायचं आहे: तुम्हाला जपून राहावंसं वाटलं तर जरूर राहा, भीती काही खोटी नसते. पण कोणी काचेवर हात मारला तर आधी त्याचा चेहरा बघा.

चाचणीला निघण्याआधी गाडी रिकामी आहे ना, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहून सांगावं लागतं. ते काम जनूने मागून घेतलं. त्याने चारही दारं उघडली, सीटखाली वाकून पाहिलं, मागे डोकावला.

"आत कोनी नाय, मॅडम," तो म्हणाला.

मग त्याने एकेक दार लावलं. येऊ दे गोळी. या वेळी माझ्यात घाबरून बसलेलं कोणी नाही.