उष्टा पेला

मद्रासमध्ये नव्याने आलेल्या फ्रेंच कंपनीत लागलेला ह्यांचा भाचा वरुणराव पोंगलला तंजावुरास आला, तो अर्ध्या पगाराची वाइन घेऊन. आमच्याकडे पेल्याला कुणी ओठ लावत नाही. ह्यांनी पेला उंच धरून रोजच्या कॉफीसारखी ती वरूनच घशात सोडली.

वरुण कळवळला. “मामा, हिची सगळी किंमत वासात आहे! पेला नाकाशी धरा, ओठ लावून प्या.”

“मग उष्टी होईल की,” हे म्हणाले. “तुझ्या मामीला काय देऊ?”

वरुणचं मन राखायला मीच ओठ लावून घोट घेतला. आंबटढाण! एवढ्या पैशांत वर्षाची चिंच आली असती, असं मी सुनावणार होते. तेवढ्यात ह्यांनी माझा उष्टा पेला मागून घेतला आणि ओठ लावून सावकाश संपवला.