मामींची खिडकी आणि निःपक्षपाती कार्यालय

राज्यशास्त्राचा अभ्यास माणसाला लोकसेवेसाठी घडवतो. सत्ता म्हणजे काय, तिला आवर कसा घालायचा, व्यक्तीपेक्षा पद मोठं का, हे एकदा अंगी बाणलं की माणूस कुठल्याही सरकारी खुर्चीत शोभतो. शिवाय या पदवीवर दुसरीकडे खुर्ची मिळतही नाही.

आमच्या नगरपालिकेत या विधानाचा पुरावा मजल्यामजल्यावर बसलेला आहे. गावात कॉलेज एक, त्यात राज्यशास्त्राचे प्राध्यापक एक, आणि त्यांनी निवृत्त होईपर्यंत नगरपालिकेला इमानेइतबारे अधिकारी पुरवले. त्यांचं वर्गातलं एक वाक्य ठरलेलं होतं : "जिथे आपलं माणूस, तिथे आपण नाही." बाकी अभ्यासक्रम मुलं निकालाच्या दिवशीच विसरली. हे तेवढं लक्षात राहिलं, कारण त्यावर दरवर्षी हमखास प्रश्न यायचा.

प्राध्यापकांची सख्खी भाची त्यांच्याच वर्गात पहिली आली आणि नगरपालिकेच्या स्वच्छता विभागात लागली. पहिल्याच उन्हाळ्यात मामा तिच्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

"मी मामा म्हणून आलेलो नाही. नागरिक म्हणून आलोय."

"मग टोकन घ्या आणि बाकावर बसा, मामा."

"अगं, भाचीसारखी बोल की जरा!"

मामांच्या घराच्या खिडकीखाली गल्लीची कचराकुंडी होती. बरीच वर्षं होती, आणि लोकशाहीत एवढं चालायचंच असं मामा म्हणत आले होते. पण यंदा मामींचा दमा बळावला. डॉक्टरांनी खोलीची खिडकी उघडी ठेवायला सांगितली, आणि खिडकी उघडली की कुंडी आत यायची. मामी बंद खोलीत उशीला टेकून बसायच्या. चार शब्द बोलल्या की थांबून श्वास गोळा करायच्या.

भाचीला लहानपणी शाळेसाठी तयार करायच्या त्या याच मामी. कुंडी कुठे ठेवायची हे तिने एका सहीने ठरवलं असतं. पण तिने पेन उघडलं आणि तिला वर्ग आठवला. "माझे हितसंबंध गुंतलेले असल्याने मी निर्णय घेऊ शकत नाही," असा शेरा मारून तिने फाइल वर पाठवली. मामांना वाईट वाटलं, पण शेऱ्याची भाषा त्यांना आवडली.

विभागप्रमुख बाईंनी फाइल उघडली, अर्जदाराचं नाव पाहिलं आणि खुर्चीतच सावरून बसल्या. "सर माझे गुरू. माझेही हितसंबंध." त्यांच्यावरच्या साहेबांना सरांनी लग्नात आशीर्वाद दिला होता. त्यांनी तर फाइलला हातही न लावता शेरा लिहिला. आठवडाभरात फाइल सगळी इमारत फिरून आली. तिच्यावर सह्या इतक्या झाल्या की शेवटच्या माणसाला समासात आडवं लिहावं लागलं. इतका स्वच्छ कारभार नगरपालिकेच्या इतिहासात झाला नव्हता. कुंडी जागेवरच होती.

रविवारी भाची मामींना भेटायला गेली. खिडकी बंद, पंखा चालू, खोलीत गरम हवा गोल फिरत होती.

"कसं चाललंय गं तुमचं?" मामींनी विचारलं.

"कुणीच सही करत नाही, मामी. सगळे बाजूला झालेत. नियमच आहे तसा."

"म्हणजे सगळ्यांचे हात स्वच्छ." मामी थांबल्या, श्वास घेतला. "छान. मग आता एखाद्याला हात घाण करायला सांग."

"बघ हं," मामा मध्येच म्हणाले, "पण भाचीने तत्त्व सोडलं नाही. पैकीच्या पैकी गुण."

"ते गुण उशाला घेऊन झोपू का मी?"

घरी परतताना भाचीला वाटलं, आपण शेरा लिहिला तेव्हा त्रास आपल्याला काहीच झाला नाही. झाला तो सगळा मामींना. बाजूला होणं बरोबरच होतं. पण बाजूला होऊन आपण जी जागा रिकामी केली, तिथे दुसरं कोणी उभं राहतंय का, हे पाहणं कुणाचं काम होतं? हा प्रश्न परीक्षेत कधीच आला नव्हता.

सोमवारपासून ती मामांकडे न शिकलेला माणूस शोधू लागली. पाणीपुरवठा विभागात एकजण सापडले. त्यांना सगळे झूलॉजीवाले साहेब म्हणायचे. पहिल्या वर्षाला मामांनीच त्यांना नापास केलं होतं, म्हणून ते प्राणिशास्त्राकडे वळले होते.

"मनात राग नाही ना, साहेब?" भाचीने विचारलं.

"राग कसला? त्यांच्या कृपेने तर बेडूक कापायला शिकलो."

हितसंबंधांच्या नियमात आप्त, गुरू आणि स्नेही यांचा उल्लेख होता. नापास झालेल्याचा नव्हता. वरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून फाइल त्यांच्याकडे दिली.

झूलॉजीवाले त्याच दिवशी मामांच्या घरी गेले. मामींची खिडकी उघडून उभे राहिले, खोकले, खिडकी लावली आणि खाली उतरले. खाली गल्ली जमलीच होती.

"हलवा, साहेब, अवश्य हलवा," टेलर म्हणाला. "फक्त माझ्या दुकानापुढे नको."

"आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत," समोरच्या काकू म्हणाल्या.

"आणि आमच्याकडे काय नवी आहेत?" कुणीतरी मागून म्हणालं.

प्रत्येकाला हरकत घ्यायचा हक्क होता, आणि एकेक हरकत ऐकायची म्हणजे उन्हाळा संपला असता. झूलॉजीवाल्यांनी शांतपणे फाइल चाळली, समासातल्या सह्यांसकट. मग ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे नगरपालिकेच्याच कार्यालयाची मागची भिंत होती. आत बसणाऱ्या झाडून सगळ्यांनी या प्रकरणाशी आपला संबंध नाही, असं लिहून दिलेलं होतं. हरकत घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी कुंडी हलली. मामींनी खिडकी उघडली आणि बराच वेळ उघडीच ठेवली. मामांनी नापास विद्यार्थ्याला चहाला बोलावलं. तो पाण्याच्या तक्रारी आहेत म्हणून आला नाही.

भाचीचं टेबल कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून आहे.